संक्रांत हा सुगीचा सण आहे का? शिरड शहापूरच्या एका सुगडाने शिकवलेली गोष्ट



माझ्या पीएच.डी.च्या सिनॉप्सिसमधलं पहिलंच वाक्य चुकीचं होतं. ते असं होतं: "मकर संक्रांत हा मराठवाड्यातील ज्वारी व हरभरा या पिकांच्या काढणीचा सण आहे." हे वाक्य मी कुठून घेतलं, तेही मला आठवत नव्हतं. शाळेत संक्रांतीवर निबंध लिहिले, वर्तमानपत्रात दरवर्षी लेख वाचले, त्यातून ते डोक्यात बसलं होतं. माझ्या गाईड मॅडमनी त्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि एवढंच विचारलं, "चौदा जानेवारीला तुमच्या गावात ज्वारी काढलेली असते का?"

मी शेतकऱ्याची मुलगी. शिरड शहापूर हे माझं गाव हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ आणि वसमतच्या मधे. एम.एस्सी. वनस्पतीशास्त्रात केलं आणि आता पारंपरिक पिकं व सणवार यांच्या संबंधावर काम करते. तरी उत्तर द्यायला मला अर्धा मिनिट लागला, आणि उत्तर होतं, "नाही."

पेट, नेट, सेटची तयारी करणाऱ्या आणि सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या तुमच्यासाठी आजचा लेख आहे. एखाद्या सणाचा इतिहास शोधायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे मी संक्रांतीच्या उदाहरणावरून सांगणार आहे.

पहिला पुरावा: सुगड

त्या वर्षी मी भोगीच्या आदल्या दिवशी वही घेऊन गावी गेले. आजी सुगडं भरायची तयारी करत होती. मी तिला विचारलं, "आजी, संक्रांत सुगीचा सण ना?" ती हसली. म्हणाली, "सुगी? अगं माय, सुगी आजून दोन महिने लांब हाय. ह्यो तर वानवळा."

वानवळा हा शब्द शहरात वाढलेल्यांना कदाचित माहीत नसेल. शेतात काही नवीन तयार झालं, की त्यातलं थोडंसं शेजारी-पाजारी, सोयऱ्या-धायऱ्यांकडे पाठवायचं, तो वानवळा. रास घरी आल्यावरच तो द्यावा असं काही नसतं. पीक अजून उभं असतानाही त्यातलं थोडं काढून देता येतं.

आता हा शब्द डोक्यात ठेवून भोगी आणि संक्रांतीच्या ताटातला एकेक जिन्नस तपासू. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: जानेवारीच्या मध्यावर तू कुठे असतोस?

• तीळ: खरिपाचं पीक. जून-जुलैत पेरणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढणी. म्हणजे संक्रांतीला तो घरात साठवणीत.
• बाजरी आणि मूग: भोगीची तीळ लावलेली भाकरी आणि मुगाची खिचडी यांच्यातून येणारी ही दोन्ही खरिपाचीच, घरात आलेली.
• गूळ: उसाचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो. जानेवारीत नवा गूळ नुकताच आलेला.
• हरभऱ्याचे घाटे: पीक वावरात उभं, दाणा हिरवा. काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये.
• गव्हाच्या ओंब्या: त्याही हिरव्या. काढणी मार्चच्या आसपास.
• ज्वारीचं कणीस: हुरड्याच्या अवस्थेत, काढणीला अजून अवकाश.
• बोरं: ती कुणी पेरत नाही. बांधावरची, धुऱ्यावरची.
• गाजर, वांगी, वालाच्या शेंगा: हिवाळ्यातला भाजीपाला, तोडणी चालू.

वहीत ही यादी लिहून झाल्यावर माझं वाक्य कुठे चुकलं ते दिसलं. ताटात तीन वेगवेगळे काळ एकत्र आहेत. खरिपाचं धान्य घरात आहे, रब्बीचं पीक वावरात हिरवं आहे, आणि रानातलं फळ फुकट मिळतंय. जानेवारीत खरोखर काढणी चालते ती तुरीची, आणि कापसाची शेवटची वेचणी होते. तुरीचे हिरवे दाणे भोगीच्या भाजीत पडतात, पण तूर काढली म्हणून आमच्याकडे संक्रांतीला वेगळं काही होत नाही.

म्हणजे आमच्या भागात संक्रांत ही सुगीची खूण नाही. एका हंगामाचं घरात आलेलं आणि दुसऱ्या हंगामाचं येऊ घातलेलं, या दोन्हींतला वाटा काढून एकमेकांना देण्याचा तो दिवस आहे. आजीचा शब्द माझ्या वाक्यापेक्षा जास्त अचूक होता.

इथे एक सावधगिरीची सूचना. "वानवळा" ऐकल्यावर मला लगेच मोह झाला, की संक्रांतीला बायका देतात ते "वाण" आणि हा "वानवळा" एकाच मुळातून आले असणार. वहीत तसं लिहूनही टाकलं. मग खोडलं. एकात "ण" आहे, एकात "न". शब्द सारखे ऐकू येतात हा व्युत्पत्तीचा पुरावा होत नाही. मोह झाला की तो वहीत "तपासायचं आहे" या रकान्यात टाकायचा, प्रबंधात नाही.

ताटातल्या जिन्नसांचं वय

हंगाम झाला, आता वय. तीळ या उपखंडातलंच पीक आहे. हडप्पा इथे उत्खननात तिळाचे जळालेले दाणे सापडले आहेत, म्हणजे चार हजारांहून अधिक वर्षांचा पुरावा. ज्वारी आणि बाजरी मूळच्या आफ्रिकेतल्या, पण त्यांनाही इथे येऊन साधारण साडेतीन-चार हजार वर्षं झाली. गहू आणि हरभरा पश्चिम आशियाकडून आले. बोर इथलंच.

आणि शेंगदाणा? तो दक्षिण अमेरिकेचा. युरोपीय जहाजं समुद्रमार्गे ये-जा करू लागल्यानंतर, म्हणजे सोळाव्या शतकानंतर तो भारतात आला. देवगिरीच्या यादवांच्या काळात कुणी संक्रांतीला तिळाचा लाडू केला असेल तर त्यात शेंगदाण्याचं कूट असणं शक्यच नव्हतं. आज आपल्याला कुटाशिवाय लाडू होतच नाही असं वाटतं.

म्हणून "संक्रांतीचं पारंपरिक ताट किती जुनं?" हा प्रश्नच चुकीचा मांडलेला आहे. ताटातल्या प्रत्येक जिन्नसाचं वय वेगळं आहे.

दुसरा पुरावा: तारीख

आता सणाच्या तारखेकडे येऊ. आपले बहुतेक सण तिथीने येतात, त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. संक्रांत मात्र सूर्यावर ठरते. सूर्य निरयन मकर राशीत शिरतो तो दिवस. म्हणून ती "नेहमी १४ जानेवारीलाच" असते, असं आपण समजतो. हल्ली ती काही वर्षी १५ जानेवारीला का येते, असा प्रश्न दरवर्षी व्हॉट्सअॅपवर फिरतो.

गणित अवघड नाही. ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेलं वर्ष ३६५.२५६४ दिवसांचं. आपण वापरतो त्या ग्रेगोरियन कॅलेंडरचं सरासरी वर्ष ३६५.२४२५ दिवसांचं. फरक ०.०१३९ दिवस, म्हणजे वर्षाला सुमारे २० मिनिटं. साधारण ७२ वर्षांत एक पूर्ण दिवस. संक्रांत तेवढी पुढे सरकते.

आता ही आकडेमोड इतिहासावर लावून पाहू. २०२१ साली संक्रांत १४ जानेवारीला सकाळी झाली. तिथून १५८ वर्षं मागे, म्हणजे १८६३ सालात जाऊ. १५८ ला ०.०१३९ ने गुणलं की सव्वादोन दिवसांच्या आसपास येतात. संक्रांत यायला हवी १२ जानेवारीच्या सुमारास. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्यांच्या चरित्रांत तो दिवस मकर संक्रांतीचा म्हणून नोंदलेला आहे. म्हणजे आपली पद्धत बरोबर चालते.

आता आणखी मागे, १७६१. पानिपतची तिसरी लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं, की पानिपत संक्रांतीच्या दिवशी झालं. २६० वर्षांचा हिशेब करा: साडेतीन दिवसांहून थोडा जास्त. त्या वर्षीची संक्रांत येते १० जानेवारीच्या सुमारास. लीप वर्षामुळे किंवा जुन्या पंचांगाच्या गणितामुळे एखादा दिवस इकडेतिकडे धरला, तरी ती १४ पर्यंत पोचत नाही. लढाईच्या दिवशी संक्रांत होऊन गेलेली होती. आजचं कॅलेंडर आपण नकळत १७६१ वर चिकटवतो.

"संक्रांत येणे" हा वाक्प्रचार पानिपतावरून आला, असंही हमखास सांगितलं जातं. ते सिद्ध करायचं तर त्या अर्थाचा वापर कोणत्या सालच्या कागदात पहिल्यांदा दिसतो, हे शोधावं लागेल. तोवर ते ऐकीव.

उत्तरायणाचंही तसंच. सूर्य खरोखर उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरला. संक्रांतीशी हा दिवस जुळत होता तो साधारण सतराशे वर्षांपूर्वी. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांग सुधारणा समितीने हाच घोळ समोर ठेवून राष्ट्रीय दिनदर्शिका सुचवली. ती २२ मार्च १९५७ पासून सरकारी वापरात आली आणि तिच्यात पौष महिना २२ डिसेंबरला सुरू होतो. सरकारी कागदावर ती तारीख छापलेली असते, घरात संक्रांत मात्र पंचांगावरच होते.

तिसरा पुरावा: कागद

राष्ट्रकूट, चालुक्य, यादव या काळांतल्या दानपत्रांत आणि शिलालेखांत उत्तरायण संक्रांतीचा उल्लेख येतो. पण कशासाठी? त्या दिवशी राजाने किंवा सरदाराने जमीन, गाव दान दिलं म्हणून. तो पुण्यकाळ. धर्मशास्त्राच्या ग्रंथांतही स्नान, दान आणि विशेषतः तिळाचं दान यावर भर आहे. पीक काढलं म्हणून आनंद, असा सूर तिथे नाही. लेखी परंपरा "द्या" म्हणते आणि आजीचा वानवळाही "द्या"च म्हणतो, हे मला महत्त्वाचं वाटतं. पण एक राजाचा ताम्रपट आहे आणि एक बाईचं सुगड. दोन्ही एकच, असं म्हणायची घाई करू नका.

आपल्या भागात काम करायचं असेल तर एक व्यवहारी गोष्ट लक्षात ठेवा. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेव्हाच्या महसुली कागदांवर बहुतेक वेळा फसली सन असतो. फसल म्हणजे पीक. शेतसारा पिकाच्या हंगामाशी जुळावा म्हणून ही कालगणना आली. हैदराबादच्या फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन मिळतो. वर्षाची सुरुवात वेगळ्या महिन्यात असल्याने कधी ५९१. हे माहीत नसल्याने मी पहिल्या आठवड्यात एक कागद "चौदाव्या शतकातला" समजून बसले होते. त्यावर सन १३४२ लिहिलेला होता, म्हणजे प्रत्यक्षात १९३२-३३!

गावात कोणतं पीक किती होतं, हे शोधायला सगळ्यात जवळचा कागद म्हणजे सातबारा. त्यातला "सात" मालकीचा, आणि "बारा" पिकांचा. लोक सात बघतात, आपण बारा बघायचा.

शेजारी डोकावून पाहा

आपल्या सणाबद्दलचा अंदाज बरोबर आहे का, हे तुलनेने कळतं. लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्ष अमावस्येला वेळ अमावस्या असते, येळवस म्हणतात तिला. सगळं गाव वावरात जातं, कडब्याची खोप उभी करतात, पाच पांडव मांडून पूजा होते, भज्जी, उंडे आणि आंबील असा बेत असतो. लातुरात त्या दिवशी स्थानिक सुट्टी जाहीर होते. आमच्या संक्रांतीपेक्षा हा सण कितीतरी जास्त वावरातला. पण तोही काढणीचा नाही, उभ्या पिकाचा आहे.

याउलट तमिळनाडूचा पोंगल. तिथे त्या सुमारास भात काढणीला आलेलं असतं आणि नवा तांदूळ दुधात उतू जाईपर्यंत शिजवतात. तिथे "सुगीचा सण" हे शब्द तंतोतंत बसतात. सूर्य एकच, पण पाऊस आणि पीक वेगळं. तिथलं वर्णन उचलून सगळ्या देशाला लावलं की माझ्यासारखं वाक्य तयार होतं.

लांबचं उदाहरणही पाहू. अमेरिकेचा थँक्सगिव्हिंग हा राष्ट्रीय सुट्टीचा सुगी-सण. त्याची मुळं १६२१ साली प्लिमथ इथे झालेल्या जेवणाशी जोडतात. त्या जेवणाचं जे त्या वेळचं पत्र उपलब्ध आहे, त्यात रानपक्षी आणि वाम्पानोआग लोकांनी आणलेली पाच हरणं यांचा उल्लेख आहे. आज जिच्याशिवाय तो सण होत नाही त्या टर्की पक्ष्याचं नाव त्यात नाही. राष्ट्रीय दिवस म्हणून घोषणा केली लिंकनने, १८६३ साली, यादवी युद्ध चालू असताना. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायद्याने ठरला १९४१ मध्ये. आणि १९७० पासून तिथले काही मूळनिवासी हाच दिवस शोकदिन म्हणून पाळतात. म्हणजे तिथेही जेवण, तारीख आणि अर्थ यांची वयं वेगवेगळी. आणि तो दिवस सगळ्यांसाठी सारखा नाही.

चौथा प्रश्न: सांगतंय कोण?

हा शेवटचा मुद्दा मी जवळजवळ विसरले होते. सुगडात काय घालायचं, किती घालायचं, कोणतं आधी, हे आमच्या घरात फक्त आजीला पक्कं माहीत होतं. मी तिच्याकडून दोन तास माहिती घेतली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हळदी-कुंकवाला बायका आल्या, सुगडं वाटली गेली, आणि आजी आत चुलीजवळ बसून होती. आजोबा जाऊन अकरा वर्षं झाली होती. माझ्या वहीत सणाचं सगळं ज्ञान तिचं होतं, आणि सणात ती नव्हती. मी ते वर्षानुवर्षं पाहत आले होते, पण नोंद म्हणून कधी लिहिलं नव्हतं.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. म्हणजे हाही सणाच्या इतिहासाचा भाग आहे, आणि तो आत्ता घडतो आहे.

मग मी आणखी कोण दिसत नाही ते शोधलं. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं संक्रांतीला गावात नसतात, दुसऱ्याच्या फडात असतात. त्यांच्याकडे नवा गूळ ज्या उसापासून होतो तो ऊस असतो, पण सुगड नसतं. सुगडं घडवणाऱ्या कुंभाराला पूर्वी बलुत्यात धान्य मिळायचं, आता सुगडं बाजारात रोखीने येतात. "मराठवाड्यात संक्रांत अशी साजरी करतात" असं लिहिताना "कोण करतात" हे लिहायलाच हवं.

आजचं वावर

गेल्या तीसेक वर्षांत आमच्याकडे खरिपात सोयाबीन पसरलं आणि रब्बीत हरभरा वाढला. ज्वारीचं रान कमी झालं. त्यामुळे आज सुगडातलं ज्वारीचं कणीस आम्ही शेजारच्या वावरातून मागून आणतो आणि तीळ दुकानातून. सोयाबीनची शेंग सुगडात कुणी घालत नाही. तिचा हंगाम तेव्हा संपलेला असतो हे एक कारण, आणि तिला या ताटात जागाच मिळालेली नाही हे दुसरं.

आणखी गंमत हळदीची. वसमत आणि आसपासचा आमचा पट्टा हळदीचा, वसमत हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. संक्रांतीला शिवारात हळद पिवळ्या पडलेल्या पाल्यानिशी उभी असते, काढणी आणि शिजवणी त्यानंतर सुरू होते. सणाचं नावच हळदी-कुंकू, पण बोटावरची हळद पुडीतली. घराबाहेर एवढी हळद उभी असताना तिचा वानवळा सुगडात नाही.

म्हणजे सुगड आजच्या वावराचं चित्र नाही. ते आमच्या आजीच्या सासूच्या वावराचं चित्र जास्त आहे. म्हणूनच ते पुरावा म्हणून मोलाचं आहे, आणि म्हणूनच ते एकट्याने पुरेसं नाही. त्याच्या बाजूला "बारा" ठेवला तर दोन्हींतला फरक मोजता येतो. माझा संशोधनाचा प्रश्न शेवटी तिथूनच मिळाला.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

तुम्ही पोळा घ्या, नागपंचमी घ्या, दसरा घ्या. सणाचे तुकडे करा: तारीख, ताट, विधी, नाव. प्रत्येक तुकड्याला वेगळं विचारा, तू किती जुना आणि तुझा पुरावा काय. मग विचारा, हे मला कोणी सांगितलं आणि कोणाला विचारायचं राहिलं. "प्राचीन काळापासून" हे शब्द लिहिले गेले असतील तर तिथे थांबा. बहुतेक वेळा त्या जागी एक तारीख किंवा एक प्रश्न हवा असतो.

माझं पहिलं वाक्य आता असं आहे: "शिरड शहापूर परिसरातील जमीनधारक कुटुंबांत मकर संक्रांतीच्या सुगडात खरिपाचे साठवलेले धान्य, रब्बीचे अपक्व पीक आणि रानफळे एकत्र येतात, या जिन्नसांची गावातील पीकपद्धतीशी असलेली जुळणी बदललेली दिसते." वाचायला पहिल्याइतकं गोड नाही. पण मॅडमनी त्याखाली रेघ मारली नाही.

यंदा सुगडं भरून झाल्यावर आईने पहिलं सुगड आजीच्या हातात दिलं. आजी म्हणाली, "मला कशाला?" आई म्हणाली, "वानवळा हाय. वानवळ्याला कोण नाही म्हणतं?" मी ते वहीत लिहून घेतलं, तारखेसकट.